दर उन्हाळ्यात लॅपटॉप म्हातारा होतो : दुरुस्त करायचा की बदलायचा?

लक्षण ओळखीचं आहे. लॅपटॉप सहा-सात वर्षांचा, आजवर कधी दगा दिलेला नाही. हिवाळ्यात ठीक चालतो. होळी झाली की पंख्याचा आवाज चढायला लागतो. एप्रिलमध्ये दुपारी फाइल उघडायला वेळ लागतो, मेमध्ये काम करता करता एकदम बंद पडतो आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या दिवसांत, तर त्याला मांडीवर घेण्याची सोय राहत नाही. घरात ठरतं की आता याचं झालं, नागपूरच्या बर्डीच्या बाजारात जाऊन नवा बघू. तेवढ्यात पाऊस लागतो आणि तोच लॅपटॉप मुकाट्याने चालायला लागतो. पुढच्या होळीला पुन्हा हेच.

हे निदान दरवर्षी चुकतं, कारण तीन-चार वेगळे बिघाड एकाच शब्दात सांगितले जातात : स्लो झालाय. प्रोसेसर वयामुळे हळू होत नाही. तो तापतो म्हणून स्वतःला आवरतो, नाहीतर डिस्कची वाट बघत बसतो, नाहीतर त्याला पुरेशी वीज मिळत नाही. तिन्ही गोष्टी दुरुस्त होतात, त्याही बहुधा नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या लहानशा हिश्श्यात. दुरुस्त न होणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत. त्यांच्यापैकी एक तरी हाती लागेपर्यंत लॅपटॉप बदलू नये, आणि निकाल तर मेमध्ये मुळीच लावू नये.

सगळ्यात आधी खोलीचं तापमान

बहुतेक कंपन्या लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापराचं कमाल तापमान ३५ अंश सेल्सिअस देतात. नागपुरात मेमध्ये बाहेर पारा ४५ च्या आसपास असतो, आणि वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखालच्या खोलीत कूलर बंद असेल तर दुपारी ३५ सहज ओलांडतात. म्हणजे यंत्र ज्या हवेसाठी बनवलंच नाही त्या हवेत ते चालवायचं आणि वर ते म्हातारं झालं म्हणायचं.

हिशेब सोपा आहे. त्याच कामाला, त्याच पंख्याच्या वेगाला खोली जितके अंश तापते साधारण तितकेच अंश प्रोसेसरही तापतो. डिसेंबरात २४ अंशांच्या खोलीत जो ७८ वर राहतो तो ४० अंशांच्या खोलीत ९४ च्या घरात जाणार. लॅपटॉपमधल्या बऱ्याच इंटेल प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंश असते. तिच्या जवळ गेला की तो आपणहून वेग कमी करतो, आणि तरीही भागलं नाही तर मशीन बंद होतं. हिवाळ्यात धूळ आणि वाळलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे, म्हणजे ती बाहेर नेणाऱ्या धातूच्या भागाकडे, पोचवणारा लेप) पोटात असूनही हा लॅपटॉप मर्यादेच्या आत राहतो. उन्हाळा फक्त ते उघडं पाडतो.

म्हणून तपासणी करताना कागदावर दोन आकडे लिहायचे : खोलीचं तापमान आणि प्रोसेसरचं. भिंतीवरचा साधा थर्मामीटर चालेल. प्रोसेसरसाठी एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, फक्त सेन्सर्सची खिडकी उघडा. सुरू करून दहा मिनिटं काहीच न करता ठेवा, आकडा लिहा. मग दहा मिनिटं भार द्या. सिनेबेंच हे चाचणीचं सॉफ्टवेअर चालवलं तरी पुरे. या दहा मिनिटांत आकडा कुठे पोचला यापेक्षा तो कसा पोचला ते बघायचं.

भार दिल्या दिल्या, पाच-दहा सेकंदांत ५० वरून ९५ वर उडी मारली, तर प्रोसेसरची उष्णता हीटसिंकपर्यंत पोचतच नाही. पेस्ट वाळली आहे किंवा हीटसिंक नीट बसलेलं नाही. आकडा पाच-सात मिनिटांत सावकाश चढत ९५ ला गेला, तर उष्णता हीटसिंकपर्यंत येते आहे पण बाहेर जायला वाट नाही. हीटसिंकची हवा जाण्याची जाळी तुंबली आहे. दोन्ही असू शकतं, पण कुठून सुरुवात करायची ते कळतं.

दुसरी खूण हाताने घ्यायची. बाजूच्या किंवा मागच्या फटीतून येणाऱ्या हवेसमोर तळहात धरा. हवा जोरात आणि चटका देणारी असेल तर यंत्रणा आपलं काम करते आहे, खोलीच तापलेली आहे. हवा जेमतेम येत असेल आणि पंखा मात्र ओरडत असेल तर जाळी बंद आहे. हवा जोरात पण कोमट, आणि आत आकडा ९५, तर पेस्ट. हे निदान दुकानात जाण्याआधी घरी करून जा. मग 'मदरबोर्ड वीक झालाय' असं ऐकावं लागलं तर विचारायला तुमच्याकडे प्रश्न असेल.

उघडून साफ करताना

बाहेरून ब्लोअर मारल्याने नागपूरच्या लॅपटॉपचं भागत नाही. इथे धुळीला जोड मिळते कूलरची. रस्त्यांच्या कामांची बारीक, सिमेंटमिश्रित धूळ कूलर बाहेरून ओढतो आणि सोबत ओलावा आणतो. कूलरच्या ताट्या, म्हणजे बाजूचे पाणी धरणारे पडदे, जुन्या झाल्या असतील तर पाण्याचे तुषारही येतात. लॅपटॉपचा पंखा हीच हवा आत घेतो. पंखा आणि तांब्याची जाळी यांच्या मधल्या फटीत या ओल्या धुळीचा नमदा बसतो, अगदी वाळलेल्या लोकरीच्या पट्टीसारखा, एक-दोन मिलिमीटर जाड. तो जाळीच्या आतल्या बाजूला असतो. बाहेरून हवा मारली की तो थोडा सरकतो, दोन आठवडे बरं वाटतं आणि परत जागेवर येतो. पंखा सोडवल्याशिवाय तो दिसतही नाही.

उघडण्याआधी दोन कामं. डेटाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. आणि बिटलॉकर (डिस्कवरच्या डेटाला कुलूप घालणारी विंडोजची सोय) सुरू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, म्हणजेच फर्मवेअर) रीसेट झालं किंवा बोर्ड बदललं की विंडोज ती की मागतं, आणि की नसेल तर धडधाकट डिस्कवरचा डेटाही गेला म्हणून समजा. सर्व्हिसिंगला दिलेल्या लॅपटॉपचा डेटा 'दुकानदाराने उडवला' अशा तक्रारींमागे कधी कधी हीच की असते.

मग मशीन बंद करा, अ‍ॅडॉप्टर काढा, तळाचे स्क्रू काढा. पीएच०० किंवा पीएच० मापाचा स्क्रू ड्रायव्हर लागतो, मोठा वापरला तर डोकी घासतात. स्क्रूंची लांबी सारखी नसते. कागदावर तळाचा चौकोन काढून प्रत्येक स्क्रू आपल्या जागी टोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर वरच्या बाजूने टचपॅडशेजारी उंचवटा येतो किंवा बोर्ड कायमचं जातं. काही मॉडेलांत दोन स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असतात. झाकण अडलं तर जोर लावण्याआधी ते शोधा.

झाकण निघालं की पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सुटा करणं, आणि नंतर पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवणं. पंखा काढा, नमदा चिमट्याने उचला, जाळी मऊ ब्रशने साफ करा. हवा मारायचीच असेल तर पंख्याचं पातं काडीने धरून ठेवा. भरधाव फिरलेल्या पंख्याचं बेअरिंग जातं आणि तो उलटी वीजही बोर्डाकडे ढकलतो.

पेस्टसाठी हीटसिंकच्या स्क्रूंशेजारी छापलेले १, २, ३, ४ आकडे बघा. सोडताना उलट्या क्रमाने, प्रत्येक थोडाथोडा. घट्ट करताना सुलट्या क्रमाने. जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. स्पिरिट किंवा सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि इतर द्रव्यं असतात. लॅपटॉपची चिप उघडी असते, तिच्यावर डेस्कटॉपसारखं झाकण नसतं, म्हणून मध्ये ठिपका टाकून सोडण्यापेक्षा पातळ थर सगळ्या पृष्ठभागावर पसरवा. कोपरा कोरडा राहिला तर तेवढाच कोर तापतो. शेजारच्या लहान चिपांवर निळ्या-राखाडी पट्ट्या असतील तर त्या थर्मल पॅड आहेत. फाटले तर त्याच जाडीचे लावा, तिथे पेस्ट चालत नाही. आणि अर्ध्या मिलिमीटरच्या जागी एक मिलिमीटरचा लावला तर हीटसिंक प्रोसेसरवरून उचललं जातं आणि तापमान पहिल्यापेक्षा वाईट येतं. 'पेस्टिंग केल्यावर जास्तच तापतो' याचं कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं.

हे स्वतः करायला हात धजत नसेल तर दुकानात करून घ्या, पण 'पंखा काढून जाळी साफ करायची आणि पेस्ट बदलायची' असं शब्दांत सांगा. नुसतं 'सर्व्हिसिंग' म्हटलं की ब्लोअर फिरतो.

झाल्यावर तीच दहा मिनिटांची चाचणी, शक्यतो त्याच तापमानाच्या खोलीत. दहा-पंधरा अंश खाली आले तर दुखणं सापडलं. हे काम फेब्रुवारीत करायचं, कूलरच्या ताट्या बदलायच्या वेळी. आणि लॅपटॉप कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. थंड हवा मिळते हे खरं, पण धूळ आणि तुषारही तोच झोत आणतो. खोली थंड करा, लॅपटॉप बाजूला ठेवा. गादीवर, उशीवर तर नकोच. तळाच्या जाळ्या बंद होतात.

तापत नाही तरी हळू : अ‍ॅडॉप्टर बघा

हा बिघाड सगळ्यात जास्त चुकतो. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, सीपीयू. खाली 'बेस स्पीड' समजा १.६० आहे आणि 'स्पीड' ०.७८ किंवा ०.४० वर चिकटून बसलंय, भार दिला तरी हलत नाही, तापमान मात्र ५० च्या आत. हा प्रोसेसर तापलेला नाही, त्याला बांधून ठेवलंय. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत, सिस्टिम विभागात, ३७ क्रमांकाची नोंद, म्हणजे फर्मवेअरने प्रोसेसरचा वेग रोखल्याची, वारंवार दिसत असेल तर खात्रीच.

बहुतेकदा दोषी अ‍ॅडॉप्टर निघतो. ६५ वॉटच्या मशीनला ४५ वॉटचा लावलेला असतो, किंवा मूळचा गेल्यावर स्वस्तातला डुप्लिकेट आणलेला असतो. डेलच्या गोल पिनेच्या मधोमध एक बारीक सुईसारखी पिन असते. तिच्यातून लॅपटॉप अ‍ॅडॉप्टरची ओळख पटवतो. ती वाकली, तुटली किंवा डुप्लिकेटमध्ये नीट नसली की सुरू होताना अ‍ॅडॉप्टर ओळखता येत नसल्याची सूचना येते, बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसर किमान वेगावर धरला जातो. लोक एंटर दाबून सूचना घालवतात आणि वर्षभर हळू लॅपटॉप वापरतात. अ‍ॅडॉप्टर काढून बॅटरीवर चालवून बघा; वेग एकदम मोकळा झाला तर नव्या लॅपटॉपचे पैसे वाचले. अ‍ॅडॉप्टर बदलूनही सूचना राहिली तर आतला जॅक बदलायचा. तो बऱ्याच मॉडेलांत सुट्या वायरीवर असतो, बोर्डाला डाग द्यावा लागत नाही.

जाता जाता : धातूच्या अंगाच्या लॅपटॉपला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर लॅपटॉप बहुधा बिघडलेला नसतो. घराची अर्थिंग बघून घ्या.

डिस्क आणि रॅम

इथे फार बोलायला नको. फिरती हार्ड डिस्क असेल आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के दिसत असेल, तर एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, टाका. सहाव्या-सातव्या पिढीच्या प्रोसेसरवर एवढ्या एका बदलाने जो फरक पडतो तो दुसऱ्या कशानेच पडत नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या डिस्कची तब्येत बघा. ०५, सी५ आणि सी६ या डिस्कवरच्या खराब जागा मोजणाऱ्या तीन ओळींतला कच्चा (रॉ) आकडा शून्यापेक्षा वर असेल आणि आठवड्याने वाढलेला दिसला तर आजच डेटा हलवा. बहुतेक लॅपटॉप हार्ड डिस्कांची कमाल मर्यादा ६० अंश असते, उन्हाळ्यात त्या तिच्या अगदी जवळ पोचतात.

विकत घेण्याआधी जागा कुठली ते बघा. जुन्या हार्ड डिस्कसारखी २.५ इंची साटा जोडणी असेल तर साधी एसएसडी बसते. एम.२ ची (पातळ पट्टीसारख्या एसएसडीची) खाच दिसली तरी ती साटाची की एनव्हीएमई या वेगळ्या जोडणीची, हे मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये तपासा. दिसायला खाच सारखीच असते आणि चुकीची एसएसडी बसते पण ओळखली जात नाही.

रॅमसाठी टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर 'स्लॉट्स यूज्ड' बघा. १ ऑफ २ असेल तर वाव आहे. रोजच्या कामात वापर ८५-९० टक्क्यांच्या वर राहत असेल तरच रॅम वाढवा, ५० टक्क्यांवर असताना ८ च्या १६ जीबी केल्याने काही फरक जाणवत नाही. रॅमच्या प्रकारांपैकी डीडीआर३एल १.३५ व्होल्टची असते आणि डीडीआर४ १.२ ची, एकमेकींच्या खाचेत बसत नाहीत. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव बरेच चढले आहेत. मागच्या वर्षीचा आकडा डोक्यात धरून निघू नका, त्या दिवसाचा भाव विचारा. जुन्या मशीनमधून काढलेली, रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ ची एक पूर्ण फेरी पास झालेली रॅम मिळाली तर ती घ्यायला हरकत नाही.

बॅटरी

कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट' ही आज्ञा द्या, अर्थात इंग्रजी अक्षरांत. तयार झालेल्या फाइलमध्ये दोन आकडे असतात : डिझाइन कॅपॅसिटी आणि फुल चार्ज कॅपॅसिटी. पहिला ४१,००० आणि दुसरा २६,००० मिलिवॉट-तास असेल तर बॅटरी ६३ टक्के उरली. हे मरण नव्हे. घरी प्लग लावूनच काम करणाऱ्याला ६३ टक्के भरपूर झाले. वीज गेली तर फाइल सेव्ह करायला वेळ मिळतो. पन्नासच्या खाली गेली किंवा ३० टक्क्यांवरून एकदम बंद पडायला लागला, तर बदला.

उन्हाळ्यात 'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग' दिसलं म्हणून लगेच बॅटरी विकत घेऊ नका. लिथियम-आयन सेल साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात, म्हणून तापलेल्या बॅटरीचं चार्जिंग लॅपटॉपच थांबवतो. रात्री थंड झाल्यावर बघा. उष्णता आणि १०० टक्के चार्ज ही जोडी बॅटरीला सगळ्यात वाईट. बहुतेक कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा बायोसमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांच्या आसपास थांबवायची सोय असते. मार्च ते जून ती लावून ठेवाच.

नवी बॅटरी घेताना जुनीवरचा पार्ट नंबर आणि व्होल्टेज जुळवा. ११.४ व्होल्टची तीन सेलची आणि १५.२ व्होल्टची चार सेलची, यांत अदलाबदल होत नाही. बाजारात डुप्लिकेट भरपूर आहेत. बसवल्यावर दुकानातच पुन्हा बॅटरी रिपोर्ट काढा. सायकल काउंट, म्हणजे आजवरच्या चार्जिंगच्या फेऱ्यांचा आकडा, शून्य किंवा एक-दोन हवा, फुल चार्ज डिझाइनच्या आसपास हवी. पुढच्या दोन दिवसांत एकदा १०० वरून १० पर्यंत उतरवून बघा, कारण नकली बॅटरी आकडा बरोबर सांगते आणि ३० वर कोसळते. पक्कं बिल घ्या, वॉरंटीची तारीख त्यावर लिहून घ्या.

फुगलेली बॅटरी मात्र वेगळं प्रकरण आहे. टचपॅड दाबला जात नाही, तळ टेबलावर डुगडुगतो, झाकणाची कड उकललेली दिसते : त्याच क्षणी चार्जर काढा, मशीन बंद करा आणि ती बॅटरी काढून घ्या. टोचायची नाही, दाबून बसवायची नाही, घंटागाडीत टाकायची नाही. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या.

आता ज्या गोष्टी दुरुस्त होत नाहीत

पहिली, आणि आज सगळ्यात मोठी : विंडोज १० ला मिळणारी सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतो आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. पिढी नावातच असते : आय५-७२००यू म्हणजे सातवी, आय५-८२५०यू म्हणजे आठवी. या दोघांमधली रेषा फार निष्ठुर आहे. एसएसडी टाकलेला सातव्या पिढीचा लॅपटॉप रोजच्या कामाला झकास चालतो, पण विंडोज ११ चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत नाही. एएमडीवाल्यांनी अंदाज करत बसू नये, मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक चालवावं. 'टीपीएम नाही' असं उत्तर आलं तरी घाबरू नका. आधी बायोसमध्ये पीटीटी किंवा एफटीपीएम नावाची सोय बंद आहे का ते बघा, बऱ्याच मशीनांत ती नुसती सुरू करायची राहिलेली असते.

यादीत नसलेल्यांना तीन वाटा आहेत. वैयक्तिक वापरासाठी वाढीव अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप सुरू केला तर तिला पैसे पडत नाहीत. ही सवड आहे, उपाय नव्हे. दुसरी वाट लिनक्स मिंट. त्याच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत आधार आहे, ४ जीबी रॅमवर बरं चालतं, मराठी इनस्क्रिप्टही मिळतं. ब्राउझर, पत्रव्यवहार, मुलांचा अभ्यास यांना पुरेसं. पण टॅली प्राइम, जुन्या मराठी फॉन्टांतलं डीटीपी, ई-टेंडर किंवा रिटर्नसाठी डिजिटल सिग्नेचरचा टोकन, यांतलं एकही काम असेल तर लिनक्सच्या नादी लागू नका. आठवड्यात परत याल. तिसरी वाट अटी चुकवून विंडोज ११ बसवण्याची. होते, पण पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या मशीनवरून बँकेचे व्यवहार आणि ग्राहकांचे कागद जातात त्यावर आम्ही ती सुचवणार नाही.

दुसरी गोष्ट मदरबोर्ड. डिस्प्ले येत नाही, रॅम बदलून आणि खाच बदलूनही येत नाही. चार्जिंगचा विभाग शॉर्ट. ग्राफिक्स चिपमुळे पडद्यावर रेघा. चिप-लेव्हल रिपेअर करणारे चांगले कारागीर शहरात आहेत आणि चार्जिंग आयसी किंवा एखादा शॉर्ट झालेला कपॅसिटर बदलणं हे टिकाऊ काम असतं. चिप तापवून 'चालू करून देणं' मात्र टिकत नाही. काही आठवडे चालतो आणि पुन्हा पहिल्या जागी. नेमकं काय बदललं हे बिलावर लिहून द्यायला तयार नसेल, तिथे पैसे घालू नका.

तिसरी, हिंज, म्हणजे पडद्याची बिजागरी. ऐकायला किरकोळ वाटते, पण प्लॅस्टिकच्या बॉडीतल्या पितळी बुशी एकदा उपटल्या की चिकटवलेला जोड उघडझाप सोसत नाही, आणि ओढाताणीत डिस्प्लेची केबल तुटते. बॉडीचा तो भाग मिळत असेल तर बदला. मिळत नसेल तर लॅपटॉप उघडाच टेबलावर ठेवून, बाहेरचा मॉनिटर लावून चालवा. डेस्कटॉप म्हणून तो आणखी दोन वर्षं काढेल.

आणि चौथी : काम मोठं झालं. ऑफिसची फाइल तीच आहे, पण आता व्हिडिओ एडिटिंग किंवा मोठी ड्रॉइंगं सुरू झाली. इथे लॅपटॉपचा दोष नाही, तरी बदलायला हे कारण पुरेसं आहे.

पैशाचा हिशेब

'किमतीच्या निम्मा खर्च आला तर बदला' असं सगळे सांगतात. त्यात दुरुस्ती किती दिवस टिकेल हे येतच नाही. महिन्याचा खर्च काढा. समजा तुमच्या कामाचा नवा लॅपटॉप ५५,००० चा आहे आणि पाच वर्षं चालेल : महिन्याला ९१७ रुपये. जुन्याला साफसफाई, बॅटरी आणि एसएसडी मिळून ७,००० लागले आणि दीड वर्षच निघालं, तरी महिना ३८९. दुरुस्ती करा. मदरबोर्ड १६,००० चा, वॉरंटी तीन महिने, फार तर एक वर्ष धरलं : महिना १,३३३. नवा घ्या. एसएसडी पुढच्या मशीनमध्ये बसणार असेल तर तिची किंमत यातून वजा करा.

या हिशेबात एक गोष्ट पैशात बसत नाही, ती म्हणजे बंद पडण्याची वेळ. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ च्या नोंदी मोजा. मशीन नीट बंद न होता पडलं की ही नोंद होते, वीज गेली तरीही, म्हणून बॅटरी लावलेली असतानाच्या नोंदी धरा. साफसफाई झाल्यावर, थंड खोलीतही महिन्यात तीन-चार येत असतील आणि रॅम चाचणीत पास असेल, तर पुढचा रुपया त्यात घालू नका.

नवा घ्यायचा ठरलाच तर शक्य असल्यास पावसाळ्यात घ्या, घाईत मेमध्ये नको. धंद्यासाठी घेत असाल तर संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो, पण आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्याच्या निम्माच. ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांनंतर वापरात आणलेला लॅपटॉप त्या निम्म्यात जातो, म्हणून दिवाळीच्या सवलतीसाठी थांबण्याआधी सीएला विचारा. निवडताना तळाला हवा घ्यायच्या जाळ्या मोठ्या आहेत का, रॅमची निदान एक खाच मोकळी आहे का, एवढं दुकानात उलटा करून आणि मॅन्युअल उघडून बघा. पंखा नसलेलं बारीक मॉडेल एसी नसलेल्या घरात घेऊ नका.

वापरलेला बिझनेस लॅपटॉपही चांगला पर्याय आहे, थिंकपॅड टी४८० किंवा त्याच पिढीचे लॅटिट्यूड, एलिटबुक. प्रोसेसर आठव्या पिढीचा आहे याची मात्र खात्री करा. बायोसला पासवर्ड नाही ना, बॅटरी रिपोर्ट काय म्हणतो, एसएसडीची तब्येत किती टक्के, आणि दहा मिनिटांच्या भाराखाली आकडा कुठे जातो, हे चारही दुकानातच उभं राहून बघा. तिथे एसी असेल तर आलेल्या आकड्यात घरच्या खोलीचा फरक मिळवा.

जुना लॅपटॉप काढून टाकण्याआधी त्याची एसएसडी काढून यूएसबीच्या केसमध्ये घाला, बॅकअपची डिस्क तयार. मशीन कपाटात ठेवणार असाल तर बॅटरी ५० टक्क्यांच्या आसपास ठेवून बंद करा आणि कपाट पश्चिमेच्या भिंतीला लागून नसलेलं बघा.